मागच्या रांगेतल्या मुलीचा आवाज

पहिल्या भागात तिला एकच वाक्य होतं. ‘अगं थांबा ना, माझ्या बुटाची लेस सुटली.’ बाकीच्या मुली जिना चढून स्टेजवर जातात, ही खाली वाकते आणि दार बंद होतं. संपलं हिचं काम. जपानी कार्टून होतं. शाळेतल्या मुली मिळून गाण्या-नाचाचा ग्रुप काढतात, स्पर्धेत उतरतात, हरतात, रडतात, परत गातात, असा सगळा मामला. मुलांच्या एका चॅनलसाठी आम्ही ते मराठीत डब करत होतो. ग्रुपमध्ये पुढे उभ्या राहणाऱ्या तिघी-चौघी महत्त्वाच्या, आणि स्टेज रिकामं दिसू नये म्हणून मागच्या रांगेत आणखी काही. ही मागच्या रांगेतली, त्यातही कोपऱ्यातली. हिरवे केस, कायम घाबरलेली.

खरं म्हणजे मी त्या दिवशी तिच्यासाठी गेलेच नव्हते. माझ्याकडे वर्गशिक्षिका होती, एका मुलीची आजी होती आणि शाळेच्या गच्चीवरचं मांजर होतं. आमच्या धंद्यात असंच चालतं. मोठ्या पात्रांना एकेक आर्टिस्ट, आणि बारीकसारीक पात्रं बूथमध्ये जो उभा असेल त्याच्या गळ्यात. ‘जाता जाता ही एक लाइन मारून टाक ना,’ असं डायरेक्टर म्हणतो आणि आपण मारून टाकतो. फक्त आवाज वेगळा काढावा लागतो, नाहीतर शिक्षिका, आजी आणि मुलगी एकाच घशातून बोलतायत हे ऐकणाऱ्याला कळतं. मांजराचं कोणी काही म्हणत नाही.

माझ्याकडचे आवाज तोवर संपले होते. शिक्षिकेला नाकातला दिला होता, आजीला थरथरता. आता तिसरा कुठून आणू? हेडफोनमध्ये जपानी पोरगी पातळ आवाजात चिवचिवत होती, समोर पडद्यावर हिरवे केस, आणि माझ्या तोंडून माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज निघाला. जाड, घोगरा, शेवटचा शब्द जरा ओढलेला. काचेपलीकडे डायरेक्टर हसला. ‘हे कुठून काढलंस? राहू दे, चालेल,’ म्हणाला. एका टेकमध्ये काम झालं.

बाहेर बाकावर एक वयस्कर आर्टिस्ट बसले होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. जन्मभर राक्षस आणि पोलीस कमिशनर केलेले. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘तो शेवटचा आवाज कोणाचा?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘घरातलं माणूस बूथमध्ये आणू नये गं. पात्र पुढे मेलं-बिलं तर आपल्यालाच वाईट वाटतं.’ मी म्हटलं, ‘काका, एका लाइनची पोरगी आहे, ती कशाला मरतेय?’ आणि हे खरंच होतं. डब करणाऱ्याला पुढचं काही माहीत नसतं. आपल्या वाट्याचे तुकडे येतात, ओठांना ओठ जुळवून बोलायचं आणि घरी जायचं. इंटरनेटवर बघितलं असतं तर कळलं असतं की तिकडे जपानात ती कुठच्या कुठे जाऊन पोचलीये. पण एका लाइनसाठी कोण बघतं?

आम्ही विक्रोळीला राहतो. तेव्हा आम्ही तिघी होतो: आई, मी आणि धाकटी. बाबा आम्ही शाळेत असतानाच गेले. धाकटी कबड्डी खेळायची. आमच्याकडे कबड्डी म्हणजे देवघराच्या खालोखाल. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर मुलींना शिकवायची. लहानपणापासून दम धरून ‘कबड्डी कबड्डी’ करून आणि उरलेला वेळ बोंबलून तिचा घसा बसलेला तो बसलेलाच. फोनवर लोक तिला दादा म्हणायचे. ती पण ‘हां, बोल भावा’ म्हणून मोकळी व्हायची. ती घरात शिरली की चाळीच्या टोकापर्यंत कळायचं. मी आवाजाचं काम करते, पण घरात आवाज तिचा होता. मी मधून मधून हो-नाही करायचे. तक्रार नव्हती माझी. एकीने बोलायचं आणि एकीने ऐकायचं, अशी वाटणी आपोआप झाली होती.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा मी तिला मुद्दाम बसवून दाखवला. लेसचं वाक्य आलं, तिने माझ्याकडे बघितलं.

‘ए ताई, ही मी? मी अशी फाटक्या आवाजात बोलते?’

‘याहून फाटक्या.’

‘बरं. मग निदान मला मॅच तरी खेळू दे ना. लेस काय बांधत बसलीये, येडी.’

मग पुढचे कितीतरी दिवस मैदानावर कोणी पोरगी बाद झाली की धाकटी ओरडायची, ‘काय गं, लेस सुटली काय तुझी?’ त्या पोरींना कळायचं नाही ती कशाला हसतेय.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. डेंग्यू निघाला. आमच्या चाळीत दरवर्षी दोघातिघांना होतो, सगळे बरे होऊन येतात, पपईच्या पानांचा रस पाजणाऱ्या बायका दारात येऊन जातात, तसंच हे वाटलं. ती मात्र परत आली नाही. एवढंच आहे. यात सांगण्यासारखं आणखी काही असतं तर मी सांगितलं असतं.

मी रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. आलंच नाही. दार उघडं, माणसं येतायत, कोणीतरी चहा करतंय, कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवतंय, आणि मला आपलं वाटतंय की हा पंखा किती आवाज करतो. जी माणसं ती हयात असताना ‘पोरीची जात, आणि चड्डी घालून मैदानात उड्या मारते’ म्हणायची, तीच आता ‘वाघीण होती वाघीण’ करत होती. मेल्या म्हशीला मणभर दूध. मला सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. ‘मोठी घट्ट आहे हो,’ असं माझ्याबद्दल एकीने दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं. घट्ट कसली? थंडीत हात बधिर होतात, मग चिमटा काढला तरी कळत नाही, तसं ते होतं.

तेरावं झालं आणि मी कामाला जायला लागले. स्टुडिओ चारकोपला, इंडस्ट्रिअल इस्टेटीत पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. खाली प्लास्टिकचे डबे बनवतात. त्यांचं मोठं मशीन चालू झालं की जमिनीतून थरथर येते, मग आमचं रेकॉर्डिंग थांबतं, आम्ही कानाला हेडफोन लावून नुसते उभे राहतो, मशीन थांबलं की परत सुरू. स्टुडिओत मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ‘घरी जरा अडचण होती’ एवढंच म्हटलं. सांगितलं असतं तर सगळे तोंडं पाडून बसले असते आणि मला त्यांची समजूत काढावी लागली असती. 

घरात आम्ही दोघी उरलो आणि बोलणं बंद पडलं. भांडण नाही, काही नाही. बोलणारी गेली आणि उरल्या दोन ऐकणाऱ्या. ‘चहा?’ ‘हं.’ ‘येते.’ ‘हं.’ आई भाजी निवडायची, मी फोनमध्ये बघत बसायचे. कधी कधी झोपताना लक्षात यायचं की आज घरात मी एक शब्दसुद्धा बोलले नाही. लक्षात आलं तरी काही वाटायचं नाही.

अशात डायरेक्टरचा फोन आला. ‘अगं, ती तुझी लेसवाली आठवते? पुढच्या सीझनमध्ये तिला बरंच काम आहे. तोच आवाज लागेल हां, कंटिन्युइटी.’

मी बरं म्हटलं. बसमध्ये मला वाटत राहिलं की बूथमध्ये गेल्यावर आपलं काही खरं नाही. तोंड उघडलं तर तिचा आवाज येणार, आणि तो आला की मी खाली बसणार. काही झालं नाही. आवाज आला. नळ सोडल्यासारखा आला. मी एकामागून एक लाइन देत गेले, डायरेक्टर ‘मस्त, पुढची’ म्हणत गेला. नवीन चप्पल चावत होती, हे आठवतं.

मग मला कळलं की तिकडे काय झालंय. त्या कार्टूनच्या मागे जपानात सगळा मोठा पसारा आहे, गाणी, खेळ, बाहुल्या. आणि कुठली मुलगी आवडते त्यावर तिथले लोक मतं देतात. पुढच्या रांगेतल्या देखण्या पोरी सोडून लोकांनी या कोपऱ्यातलीला उचललं. का, तर म्हणे ती आपल्यासारखी आहे. मग लिहिणाऱ्यांनी तिला आधी दोन वाक्यं दिली, मग एक मैत्रीण दिली, मग घर दिलं, घरात आजारी बाप दिला. एकदा माणूस डोळ्यात भरलं की त्याचं सगळंच चांगलं दिसायला लागतं. ती नाचताना पडली तर तेही लोकांना गोड वाटायचं.

मला विचाराल तर मला ती आवडायची नाही. जरा काही झालं की ‘सॉरी’. उशीर झाला सॉरी, लवकर आले सॉरी, तुमच्या पुढे उभी राहिले सॉरी. धाकटीने जन्मात कोणाला सॉरी म्हटलं नव्हतं. चुकून कोणाच्या पायावर पाय पडला तरी ‘पाय मध्ये कशाला ठेवता?’ म्हणणारी ती, आणि तिच्या आवाजात मी दिवसभर सॉरी सॉरी करत होते. मला त्या हिरव्या केसांचा राग यायचा. राग तरी येत होता, म्हणा.

त्या सीझनमध्ये एक अख्खा भाग तिचा होता. ग्रुपच्या मुली तिला मध्ये उभं राहायला सांगतात, ती नको नको म्हणते, पळून जाते, आणि स्टेजच्या मागे सामानाच्या पेट्यांमध्ये बसून रडते. चांगलं लांबलचक रडणं होतं. इथे माझी पंचाईत झाली. धाकटीचं हसणं, ओरडणं, चिडणं, सगळं माझ्याकडे होतं, पण मोठेपणी ती रडताना मी कधी ऐकलीच नव्हती. गुडघा फुटला तरी शिव्या घालायची. नक्कल करायला काही नव्हतंच. मग मी हेडफोनमध्ये त्या जपानी मुलीचा श्वास ऐकला आणि जसं जमेल तसं केलं. डोळ्यात पाणी वगैरे काही नाही, नुसता घसा आणि श्वास. डायरेक्टरने एकच टेक घेतला. म्हणाला, ‘आजवरचं तुझं बेस्ट काम आहे हे.’ मी पाणी प्यायले आणि मांजराच्या लाइन्स केल्या.

तो सीझन टीव्हीवर लागला आणि आई बघायला लागली.

हे मी जरा नीट सांगते, कारण सगळं यावरच आहे. आईने माझं काम कधी ऐकलं नव्हतं. ‘ते मांजराचं काम’ म्हणायची. तिला तिच्या मालिका बऱ्या. आणि आता दुपारी जेवण झालं की ती ते कार्टून लावून बसायला लागली. नंतर शेजारच्या पोरीकडून तिने ते मोबाइलवर कसं लावायचं तेही शिकून घेतलं. लेसवाली आली की आवाज मोठा करायची. ती गेली की बारीक. आणि मागे नेऊन तेच तेच परत लावायची. मी घरी असले तर स्वयंपाकघरातून ऐकायचे. तो पेट्यांमागच्या रडण्याचा भाग तर सारखा. एकदा लावला, परत मागे, परत लावला.

मी काय समजायचं ते समजले. धाकटी गेली, तिचा आवाज इथे उरलाय, आई तो ऐकत बसलीये. दुसरं काय असणार? मी तिला विचारलं नाही, तिने मला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्या आवाजाला जपायला लागले. फोनमध्ये धाकटीचे जुने व्हॉइस मेसेज होते, ‘ताई येताना कोथिंबीर आण’ असले. बसमध्ये ते ऐकत जायचे आणि बूथमध्ये तसाच्या तसा आवाज द्यायचे. आधी मजेत केलेली नक्कल होती, आता मी त्यात खोट राहू दिली नाही. श्वास कुठे घ्यायची, शब्द कुठे ओढायची, ‘ना’ कसा म्हणायची. मला स्वतःला तो ऐकून काही व्हायचं नाही. पण आईला तेवढंच, असं मी धरून चालले होते. मी आईशी बोलू शकत नव्हते, जवळ बसू शकत नव्हते. हे एक करू शकत होते.

तिसऱ्या सीझनला लेसवाली मध्यभागी आली. आता ती मुख्य. पोस्टरवर सगळ्यात मोठं तोंड तिचं. चाळीतल्या पोरी हिरव्या रिबिनी लावून फिरायला लागल्या, मला गॅलरीत अडवून ‘मावशी, लेस सुटली म्हणा ना’ करायला लागल्या. मी मेली आजवर आज्या आणि मांजरं करत आलेली, आणि ध्यानीमनी नसताना हिरॉइन झाले. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी चॅनलवाले स्टुडिओत आले. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही माझ्याहून कितीतरी लहान, बोलायला एकदम गोड.

‘मॅम, काम अमेझिंग आहे तुमचं,’ ती मुलगी म्हणाली. ‘फक्त ती आता फेस आहे ना, तिच्या चित्राची दप्तरं वगैरे येणार आहेत. तर आवाज थोडा मुलीसारखा हवा.’

‘आतापर्यंत काय बोकडासारखा होता?’ मी म्हटलं.

ती हसली. त्यांना हसायची सवय असते. ‘तसं नाही मॅम, थोडा घोगरा आहे. साइड कॅरेक्टरला क्यूट वाटतं, लीडला जड होतं. थोडा स्वीट करा ना.’

ते गेल्यावर डायरेक्टरने मला बाजूला घेतलं. आम्ही बरोबरीचे, एकाच वर्षी या धंद्यात आलेलो.

‘हे बघ, तू डोकं फिरवून घेऊ नको,’ तो म्हणाला. ‘तुला काढायचं कोणाच्या मनात नाही. गोड करून दे, विषय संपला. नाही केलंस तर ते टेस्ट घेणार, दुसरी येणार. माझ्या हातात नाही यार.’

‘आवाज नाही बदलणार मी.’

‘का पण?’

‘तो माझ्या बहिणीचा आवाज आहे.’

‘अरे, मग प्रॉब्लेम काय? तिला घेऊन ये ना एकदा. स्वतः आली तर कदाचित जरा गोडही बोलेल.’

त्याची चूक नव्हती. त्याला कुठे माहीत होतं? मी म्हटलं, ‘ती नाही येणार.’ खालचं मशीन सुरू झालं आणि आम्ही दोघं ते थांबायची वाट बघत उभे राहिलो.

मी उद्यापर्यंतचा वेळ मागून घेतला. आईला विचारायचं असं ठरवून घरी गेले. आई, तो आवाज काढून टाकायला सांगतायत, काय करू? एवढं वाक्य. जेवताना ते तोंडापर्यंत आलं. आईने ‘भात?’ विचारलं, मी ‘हं’ म्हटलं. भांडी घासून झाली, टीव्ही बंद झाला, वाक्य राहिलं ते राहिलंच. माणसांचे आवाज काढून पोट भरणारी बाई मी, आणि स्वतःच्या आईपुढे माझी दातखिळी. हसावं की रडावं?

दुसऱ्या दिवशी मी बूथमध्ये गेले आणि म्हटलं, करते. नाही म्हटलं असतं तर दुसरी कोणीतरी चिवचिवी आली असती, आणि आईची धाकटी तर गेलीच असती, वर मीसुद्धा तिथे नसते. गोड आवाज मला काढता येतो, पण त्या दिवशी काही काढायची इच्छाच नव्हती. ना घोगरा, ना गोड. तोंड उघडलं आणि जो आला तो दिला. माझा. पायलीचे पन्नास मिळतील असा साधा आवाज. मी इतकी वर्षं या कामात आहे, पण माझा स्वतःचा आवाज मी कुठल्याच पात्राला दिला नव्हता, कोणी मागितलाही नव्हता. चॅनलवाल्यांना तो फार आवडला. ‘परफेक्ट, हाच हवा होता,’ असा निरोप आला. काका बाहेर बाकावर होते. ते मला म्हणाले, ‘सुटलीस.’ मला तसं वाटलं नाही. बहिणीला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं. आणि या खेपेला मीच एकटीने.

मग तो भाग लागण्याची वाट बघणं आलं. मी दिवस ढकलत होते. आई जुने भाग लावायची, तो घोगरा आवाज स्वयंपाकघरात यायचा, आणि मी मनात म्हणायचे, ऐकून घे, आता थोडाच आहे.

रविवारी सकाळी नवीन सीझनचा पहिला भाग होता. मी कुठेच गेले नाही. आईने आंघोळ, पूजा उरकली आणि टीव्हीसमोर बसली. मी दाराशी, चौकटीला टेकून. स्टेज आलं, दिवे आले, सगळ्या मुली बाजूला झाल्या आणि हिरव्या केसांची मध्ये येऊन बोलायला लागली. माझ्या आवाजात.

आईचा चेहरा मी बघत होते. काही झालं नाही त्याला. ती ऐकत राहिली. एक लाइन, दोन लाइन, मोठं भाषणच होतं तिचं तिथे. जाहिरात लागली तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

‘चॅनलवाल्यांनी बदलायला लावला आवाज,’ मी म्हटलं. ‘मी नाही म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.’

‘कळला माका,’ आई म्हणाली. आई आमच्याशी एरवी इथलंच बोलते. आतून काही आलं की मालवणीत शिरते. ‘आता तुझो वाटता.’

‘आणि आधी?’

‘आधी तू तिचो काढीस. पयल्या दिसापासून कळला. माझ्याच पोटच्यो दोघी, माका काय कळाचा नाय?’ ती टीव्हीकडेच बघत होती. ‘माका नको होतो तो. ती गेली. तू कित्याक काढतस तिचो आवाज? अंगावर काटो येय माझ्या.’

‘मग रोज लावून बसायचीस कशाला? मागे नेऊन नेऊन?’

‘ता रडणा ऐकूक.’

‘कुठलं?’

‘ता पेट्यांच्या मागचा. ता तुझा रडणा हा. ती तशी रडायची नाय, तू रडायचंस तशी, ल्हान असताना. श्वास अडकान.’ आईने पदराने नाक पुसलं. ‘घरात रडलंस नाय तू. बोलाक पण नाय. एक गेली, दुसरी गप झाली. मी खंय शोधू तुका? म्हटला, थंय तरी गावतस.’

जाहिरात संपली होती. टीव्हीवर मुली गायला लागल्या होत्या. मी दारातून आत आले आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसले. रडू आलं, असं मी उगाच सांगणार नाही. आईने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. इतके महिने जो लावून बसायची तो तिने रिमोटने बंद केला आणि माझ्याकडे वळली.

‘सांग,’ म्हणाली.

‘काय सांगू?’

‘कायपण. कामावर काय झाला ता सांग.’

कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. मग मी म्हटलं, ‘स्टुडिओच्या खाली डबे बनवतात.’ आई म्हणाली, ‘कसले डबे?’